चालता चालता गाडी बंद पडतेय? कार्ब्युरेटर खोलायच्या आधी टाकीचं झाकण बघा

जुनी गाडी आहे, सकाळी एका झटक्यात चालू होते, पंधरा-वीस मिनिटं मस्त पळते आणि मग पेट्रोल संपल्यासारखी घुटमळायला लागते, दोन-चार गचके देते आणि बंद. टाकीत पेट्रोल आहे, रिझर्व्हला टाकलं तरी फरक नाही. दहा मिनिटं बाजूला उभी केली की परत चालू आणि थोडं पुढे गेलं की परत तेच. हे ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीये किती डोकं फिरतं ते.

माझ्या शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकलला हे जवळजवळ दोन महिने चाललं होतं. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ झाला, प्लग बदलला, मग प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉईल बदलली, गाडी तिथे उभ्या उभ्या छान चालायची आणि मी घेऊन निघालो की वाटेत मान टाकायची. एकदा बंद पडल्या पडल्या पेट्रोल खरंच आहे का बघू म्हणून मी झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेल्याचा आवाज आला, किक मारली आणि पहिल्या किकला चालू. बिघाड होता झाकणातल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकात. म्हणून कळकळीने सांगतो, अशी लक्षणं असतील तर बाकी काहीही खोलायच्या आधी झाकण आणि टाकीचा श्वास तपासा, पाना सुद्धा लागत नाही त्याला.

आत नेमकं काय होतं

टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायलाच लागते. पाण्याची बाटली उलटी धरली की घुडघुड करत कशी थांबून थांबून ओतली जाते, तसंच. हवा यायची वाट बंद झाली की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि तो पेट्रोलला मागे धरून ठेवतो.

कार्ब्युरेटरवाल्या मोटारसायकलला हे लवकर जाणवतं कारण तिथे बहुतेक वेळा पंपच नसतो, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वर समजा ३० सेंटीमीटर असेल तर त्याचा दाब होतो जेमतेम ०.०२ बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या २ टक्के वगैरे. एवढासा व्हॅक्यूम झाला की प्रवाह थांबला. आता गंमत बघा, टाकी गळ्यापर्यंत भरलीये आणि वर फक्त १ लिटर हवा आहे, तर वाफेचा भाग सोडून ढोबळ हिशोबाने २० मिली पेट्रोल बाहेर गेलं की तो २ टक्क्यांचा व्हॅक्यूम तयार. तीच टाकी अर्धी असेल आणि वर ७ लिटर हवा असेल तर त्याला १४० मिली जावं लागतं. म्हणून टाकी फुल केली की गाडी जास्त त्रास देते आणि पेट्रोल कमी असताना बरी चालते, आणि लोकांना वाटतं त्या पंपावरचं पेट्रोलच खराब होतं. फुल टाकीला लवकर बंद आणि अर्ध्या टाकीला उशिरा बंद असा प्रकार असेल तर माझा पहिला संशय झाकणावरच जातो.

भोक पूर्ण बंद असायची गरज नाही. बहुतेक वेळा ते अर्धवट बुजलेलं असतं, मग हळू चालवताना जेवढी हवा लागते तेवढी कशीबशी येत राहते आणि वेग वाढवला की पुरत नाही. पन्नासने तासभर चाललेली गाडी ऐंशीला नेली की दहा मिनिटांत झटके द्यायला लागते ती यामुळे.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या कारमध्ये इंजिनवर बसवलेला डायफ्रामचा पंप असतो, तो थोडी ओढ काढतो म्हणून गाडी जास्त वेळ तग धरते. इंजेक्शनवाल्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंप असतो आणि तो तर एवढा ताकदवान की गाडी बंद पडायच्या आधी टाकीच आत ओढली जाऊ शकते. यात अतिशयोक्ती नाही, ०.१ बार म्हणजे फार वाटत नाही पण ५० बाय ५० सेंटीमीटरच्या पत्र्यावर तो साधारण २५० किलोचा भार झाला. अशा गाडीत मागून पंपाचा रडल्यासारखा बारीक आवाज येणं, आणि गाडी चालू असताना कधीतरी टाकीच्या पत्र्याचा 'टॉक' असा आवाज येणं या दोन खुणा लक्षात ठेवा.

रस्त्यावरची टेस्ट, आणि ती नीट कशी करायची

गाडी बंद पडली की लगेच, म्हणजे स्टँड लावल्या लावल्या, झाकण उघडा. थांबू नका. हा थांबण्याचा मुद्दा सगळ्यात महत्वाचा आहे कारण पाच-दहा मिनिटं थांबल्यावर हवा फटीफटीतून आत येतेच आणि पुरावा निघून जातो, आणि दुसरं म्हणजे थांबल्यावर चालू होणारे अजून तीन-चार बिघाड आहेत, त्यांच्यात आणि यात फरक करता येत नाही. आवाज ऐका. नुसता फुस्स आवाज पुरेसा नाही, हवा आत गेली की बाहेर आली ते कळायला हवं. खिशात शिवणाचा दोरा किंवा टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवा, झाकण सैल करताना कडेला धरा, पट्टी टाकीकडे ओढली गेली तर व्हॅक्यूम, बाहेर उडाली तर प्रेशर. झाकण उघडं ठेवूनच अर्धं मिनिट द्या म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल साठवायचं छोटं भांडं (फ्लोटचं भांडं) भरेल, मग झाकण लावा आणि चालू करा. लगेच नीट चालली आणि पुन्हा साधारण तेवढ्याच अंतरावर बंद पडली तर विषय संपला, व्हेंट म्हणजे टाकीत हवा यायची वाट बुजलेली आहे.

काही जण झाकण सैल ठेवून गाडी पळवून बघतात. टेस्ट म्हणून मोकळ्या रस्त्यावर, अर्ध्या टाकीला, थोडंसं अंतर ठीक आहे पण फुल टाकीला अजिबात नको, ब्रेक मारला की पेट्रोल उसळून गरम इंजिनवर येऊ शकतं. आणि ती कायमची सोय म्हणून वापरणारे लोक बघितलेत मी, कृपया नका करू.

झाकण उघडून काहीच फरक पडला नाही तर काय? तर मग बाकीचे संशयित. इंजिन खूप तापल्यावर, विशेषतः ट्रॅफिकमध्ये किंवा बंद करून पाच मिनिटांनी परत चालू करताना त्रास होत असेल तर पाईपमध्ये पेट्रोलची वाफ होत असेल, म्हणजे व्हेपर लॉक, तो थंड झाल्यावरच सुटतो आणि त्याला झाकणाशी काही देणंघेणं नाही. गरम झाल्यावर कॉईल किंवा ठिणगीच्याच कामातला कंडेन्सर दगा देतात तेव्हा प्लग काढून इंजिनला टेकवून स्पार्क बघायचा (प्लग काढल्यावर सांडलेलं पेट्रोल किंवा उघडी टाकी जवळ नसली पाहिजे, स्पार्क तो स्पार्कच), गाडी बंद पडल्यावर स्पार्क नसेल तर दोष तिकडे आहे. टाकीत गंज असेल तर तो जाळीवर जाऊन बसतो आणि गाडी थांबली की खाली बसतो, त्यामुळे थांबून चालू होणं अगदी हुबेहूब व्हेंटसारखं दिसतं, फरक एवढाच की झाकण लगेच उघडलं तरी चालू होत नाही. काही मोटारसायकलींना इंजिनच्या ओढीवर उघडणारा पेट्रोल कॉक असतो, त्याचा डायफ्राम फाटला तरी अशीच लक्षणं, तिथे कॉकवर प्राईमची खूण (इंजिनच्या ओढीशिवाय पेट्रोल सोडायची जागा) असेल तर त्यावर टाकून चालवून बघा, नीट चालली तर कॉक दोषी.

काम सुरू करायच्या आधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ज्योतीपर्यंत जाऊ शकते. उणे ४० अंशाच्या आसपास सुद्धा ती पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे थंडी आहे म्हणून सुरक्षित असं काही नसतं. काम उघड्यावर करा, इंजिन थंड होऊ द्या, कारची टाकी किंवा पाईप खोलणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आग विझवायचा सिलेंडर हाताशी ठेवा, हॅलोजन किंवा तापणारा बल्ब जवळ नको. तोंडाने पेट्रोल ओढू नका. आणि कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीच सोडू नका, टाकी फुगते, शिवण उकलते, आणि आतली घाण तिथेच राहते. नळी फुंकायची तर टाकीपासून सोडवून फुंकायची.

झाकण साफ करणं

साधं गोल झाकण असेल तर उलटं धरा. मधे एक स्प्रिंगवाली पट्टी, भोवती रबराचं वायसर, आणि कुठेतरी एक बारीक भोक किंवा दोन पत्र्यांमधली फट दिसेल. हवेची वाट मुद्दाम वळणावळणाची केलेली असते म्हणजे गाडी आडवी पडली तरी पेट्रोल सरळ बाहेर येऊ नये, त्यामुळे वरून भोक स्वच्छ दिसलं म्हणून आतून मोकळंच असेल असं नाही. काही झाकणांत एक छोटी गोळी किंवा रबराची चकती वाल्व म्हणून असते. माझ्या झाकणात भोक वरून अगदी चकचकीत होतं, पण वायरमधली तांब्याची एक तार आत सरकवली तर साधारण एक सेंटीमीटरवर अडली, गोल फिरवून बाहेर काढल्यावर टोकाला तपकिरी चिकट लगदा, बारीक धूळ आणि वाळलेलं पेट्रोल एकत्र होऊन गुळाच्या पाकासारखं झालेलं. तांब्याचीच तार घ्या, स्टीलची सुई घातली तर भोक मोठं होतं किंवा वाल्वची चकती भोसकली जाते.

झाकण आधी पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. रबराचं वायसर निघत असेल तर आधी काढून ठेवा, कार्ब क्लीनरच्या स्प्रेने रबर फुगतं आणि परत खाचेत बसत नाही. कुलूपवालं झाकण असेल तर वाळल्यावर कुलपात थोडी ग्राफाईटची पावडर, तेल नको, तेलाला धूळ चिकटते आणि तीच खाली व्हेंटमध्ये उतरते.

तपासायला भोकावर बसेल अशी स्वच्छ रबरी नळी लावा आणि फुंका. टाकीच्या आत जायच्या दिशेने हवा अगदी आरामात गेली पाहिजे. उलट दिशेने, म्हणजे टाकीतून बाहेर, वाल्ववाल्या झाकणात थोडा अटकाव असतो, तो दोष नाही. आत जायच्या दिशेने गाल फुगवून जोर लावावा लागत असेल तर अजून साफ करा, दोन-तीनदा करूनही तसंच असेल तर झाकण बदला.

मोटारसायकलच्या टाकीत सपाट बसणारं, बिजागरीवालं झाकण असेल तर तिथे अजून एक भानगड आहे. झाकणाच्या भोवतीच्या खोलगट कडेत पावसाचं पाणी साठतं, ते जायला एक भोक असतं आणि त्याची नळी टाकीतूनच खाली उतरून चाकाजवळ सुटते. बऱ्याच गाड्यांत व्हेंटची नळी वेगळी असते, काहींत दोन्ही एकच. खालची रबरी नळी चेपली, टाकी बसवताना फ्रेममध्ये दबली किंवा चिखलाने बुजली की एकतर हवा बंद, नाहीतर पाणी वर साठून कुलपातून हळूहळू टाकीत. झाकण बंद ठेवून त्या कडेत एक चमचा पाणी टाका, काही सेकंदात ते खाली गाडीबाहेर ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर नळी खालून सोडा, नायलॉनचा दोरा किंवा गवत कापायच्या मशीनची बारीक दोरी आत सरकवून मोकळी करा.

टाकीला नव्याने रंग दिला आणि त्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर फार शोधू नका, रंग किंवा क्लिअर कोट भोकात गेलाय.

कार असेल तर नळी शेवटपर्यंत शोधा

बऱ्याच जुन्या कारच्या झाकणात व्हेंट नसतोच, टाकीच्या वरून एक वेगळी नळी निघते. ती एकतर भरायच्या तोंडाजवळ वर जाऊन उघड्यावर संपते किंवा पुढे टाकीतली वाफ शोषून धरणाऱ्या कोळशाच्या डब्याला म्हणजे कॅनिस्टरला जोडलेली असते. अमेरिकेत टाकीतली वाफ अडवायचे नियम १९७० च्या सुमाराला आले, आधी कॅलिफोर्निया आणि मग १९७१ च्या मॉडेलपासून सगळीकडे, हळूहळू बाकी देशांतही, त्यामुळे तुमची गाडी कुठल्या काळातली आणि कुठल्या बाजारासाठी बनलेली त्यावर रचना ठरते. गाडीखाली जाऊन टाकीपासून टोकापर्यंत नळी हाताने चाचपत जा. वळणावर चेपलेली, गाडी उचलताना जॅकने दाबलेली, गंजरोधक काळा लेप मारताना टोक बुजलेलं, हे नेहमीचे प्रकार.

आणि किडे! नळीचं टोक उघडं असेल तर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते, अगदी सिमेंटसारखं घट्ट. कोळी सुद्धा कमी नाहीत, माझदाने २०११ मध्ये उत्तर अमेरिकेत माझदा ६ च्या सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या होत्या कारण एक पिवळा कोळी कॅनिस्टरच्या व्हेंट नळीत जाळं विणायचा, टाकीत व्हॅक्यूम व्हायचा आणि टाकीला तडा जाऊन पेट्रोल गळायची भीती होती, मग २०१४ मध्ये परत ४२,००० गाड्या. तर टोकाला बारीक जाळी किंवा फोमचा तुकडा असावा, पण तो सुद्धा वर्षातून एकदा काढून झटकायचा.

नळी टाकीपासून सोडवून फुंकली आणि हवा दुसऱ्या टोकाला मोकळी आली, तरी झाकण उघडताना व्हॅक्यूम मिळतोच, तर कॅनिस्टर बघा. त्याची ताजी हवा घ्यायची बाजू धुळीने गच्च झाली असेल, आणि त्यात पर्ज वाल्व (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारा वाल्व) उघडाच अडकला असेल तर इंजिन स्वतः टाकीतली हवा ओढत राहतं. पर्ज वाल्व अडकल्याची खूण म्हणजे पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच चालू व्हायला कुरकुर करते आणि आयडलिंग खालीवर होतं. पंपाचा नोझल एकदा बंद झाल्यावर वरून 'अजून थोडं' म्हणून भरायची सवय असेल तर ती सोडा, पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि एकदा भिजलेला कोळसा नीट काम देत नाही.

उलटा त्रास, प्रेशर आणि वास

उन्हात उभी केल्यावर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर तोही व्हेंटचाच दोष असू शकतो. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं, ४० लिटरची टाकी २० अंशाने तापली तर पाऊण लिटरची भर, वाट नसेल तर ते कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या निडलला ढकलून बाहेर येतं. मोटारसायकलला कॉक चालू राहिला तर इंजिनात उतरून ऑईलमध्ये मिसळतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑईल बदलल्याशिवाय चालवू नका.

पंपावर भरताना नोझल सारखा कट् होत असेल तर भरायच्या तोंडाशेजारची जाडसर ब्रीदर नळी बघा. आतली हवा बाहेर यायला जागा मिळत नाही, पेट्रोल फेसाळून वर येतं, नोझलच्या टोकाचं भोक झाकतं आणि तो बंद होतो. ही नळी चेपलेली, किंवा आतून सोलून पापुद्रा लटकलेला असतो, बाहेरून ठणठणीत दिसते.

पेट्रोलचा वास येतोय पण गाडी नीट चालतेय, तर बहुधा झाकणाचं वायसर. बोटाने दाबा, कडक झालं असेल, कडेला बारीक भेगा असतील, किंवा टाकीच्या ओठाचा ठसा कायमचा उमटला असेल तर बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं, त्यामुळे वायसर आणि नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घ्या, व्हायटॉनचं (पेट्रोल सहन करणाऱ्या खास रबराचं) वायसर मिळालं तर उत्तम. टाकीचा ओठ ठोकला गेलेला किंवा गंजलेला असेल तर नवं वायसर पण गळेल, आधी तो बारीक पॉलिश पेपरने सारखा करून घ्या.

झाकण बदलताना होणारी चूक

झाकण आट्यांना बसलं म्हणजे बरोबर असं नाही. व्हेंटवालं आणि बंद अशी दोन प्रकारची झाकणं दिसायला सारखीच असतात. टाकीला वेगळी व्हेंट नळी नसेल तर झाकण व्हेंटवालंच हवं, बंद झाकण लावलं की नव्या झाकणानेच गाडी बंद पडायला लागते आणि नवीनच टाकलंय म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. उलट कॅनिस्टरवाल्या गाडीला उघडं झाकण लावलं तर वास येतो, आणि ओबीडी (गाडीतली बिघाड ओळखायची संगणक यंत्रणा) असलेल्या गाड्यांमध्ये चेक इंजिनचा दिवा लागून पी०४५५ किंवा पी०४५७ सारखे गळतीचे कोड येतात. विकत घेतानाच आत जायच्या दिशेने फुंकून बघा.

डिझेल गाडी किंवा ट्रॅक्टर असेल तर एक फरक ध्यानात ठेवा. व्हॅक्यूम वाढला की सक्शनच्या पाईपचे जॉईंट हवा ओढतात आणि लाईनमध्ये एअर होते, त्यामुळे झाकण उघडल्यावर लगेच चालू होईलच असं नाही, एअर काढावी लागते. आधी ताकद कमी होते, मग बंद. सारखी सारखी एअर पकडत असेल आणि जॉईंट आवळून थकला असाल तर झाकणाचं भोक बघा, शेतातली धूळ आणि डिझेल मिळून ते पार लिंपलं जातं.

सगळं झालं की टाकी फुल करा, कारण खरी परीक्षा फुल टाकीलाच होते, आणि ज्या वेगाला आणि ज्या अंतरावर बंद पडायची त्याच्या दुप्पट अंतर त्याच वेगाने चालवा. मग थांबून लगेच झाकण उघडा आणि तो दोरा कडेला धरा. साध्या व्हेंटवाल्या झाकणाला दोरा जागचा हलला नाही पाहिजे, कॅनिस्टरवाल्या गाडीत किंचित हलला तर चालतं, पण आत ओढला जात असेल तर झाकण परत काढून भिजत घाला.